टेबलावर राहिलेले दप्तर

मास्तरकीच्या धंद्यात एक मोठी सोय आहे. डॉक्टर चुकला तर रोगी बोंब मारतो, वकील चुकला तर अशील कपाळाला हात लावतो; पण मास्तर चुकला तर मुले ती चूक वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तशीच लिहितात आणि तिला मार्कही मिळतात! माझी एक चूक अशी जवळजवळ एकोणीस वर्षे सुखाने नांदली. तिची आता कबुली देतो.

१९९९ सालची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला संगणकरचना हा विषय शिकवीत असे. शनिवारचा शेवटचा तास. निम्म्या वर्गाचे लक्ष एस.टी.च्या वेळापत्रकाकडे. मी प्रोसेसरच्या अटकळबाजीवर बोलत होतो, आणि खरे सांगायचे तर हा माझा हातखंडा भाग होता. प्रोसेसर किती चतुर असतो, पुढचे काम आधीच करून कसे ठेवतो, आणि अटकळ चुकली तर सगळे पुसून 'मी नाही त्यातला' असा चेहरा करून कसा बसतो, हे मी हातवारे करून सांगत असे.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला. त्याचे नाव सांगत नाही. आमच्याकडे मुलांना हजेरीच्या नंबरानेच हाक मारायची पद्धत होती आणि याचा नंबर होता ४१. तो म्हणाला,

"सर, अटकळ चुकली म्हणजे रजिस्टरातले सगळे पूर्ववत होते. पण तोवर कॅशमध्ये आणून ठेवलेला माल तिथेच राहतो ना? मग काही झालेच नाही असे कसे म्हणायचे?"

मी हसून म्हटले, "राहीना का! त्याने उत्तर बदलते का? नुसता वेळ बदलतो."

नुसता वेळ! हे दोन शब्द मी किती सहज उच्चारले होते! एवढ्यावर ते थांबले असते तरी ठीक होते. सहामाहीच्या पेपरात मी विचारले, 'चुकलेल्या अटकळीचे कोणते परिणाम शिल्लक राहतात?' अपेक्षित उत्तर: कोणतेही नाही. ४१ ने लिहिले: कॅशमधला माल राहतो. मी तांबड्या शाईने रेघ मारली आणि पाचातला एक मार्क कापला. तो भांडायला स्टाफरूममध्ये आला होता. मी त्याला पुस्तक दाखवून परत पाठवला.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. मी निवृत्त झालो. आणि २०१८ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी सकाळी चहा पिता पिता वर्तमानपत्रात बातमी वाचली, की जगातल्या बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरांच्या प्रोसेसरमध्ये भगदाडे सापडली आहेत. एकाचे नाव मेल्टडाउन, दुसऱ्याचे स्पेक्टर. म्हणजे एक वितळणे आणि दुसरे पिशाच्च. बातमी अर्धवट होती. मी खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर मूळ निबंध काढला आणि वाचू लागलो. पहिली दोनच पाने वाचली असतील. हातातला चहा तसाच निवून गेला. त्यात लिहिले होते ते ४१ चे वाक्य होते.

"काय झाले? कोणी गेले का?" हिने दारातून विचारले.

"कोणी नाही," मी म्हटले, "माझाच एक मार्क गेला."

आता ही गोष्ट वाचकांना समजावून सांगायची तर थोडे मागे जावे लागेल. प्रोसेसर हा भलताच चपळ प्राणी आहे. एका सेकंदाला तीन अब्ज ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्याला त्याचे एक-दोन हिशेब उरकतात. पण हिशेबाचे आकडे ज्या मुख्य स्मृतीत असतात ती तशी मंद. तिच्याकडून एक आकडा मागवायचा तर शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे तेवढ्यात प्रोसेसरची शेकडो कामे खोळंबतात. तेव्हा दोन युक्त्या निघाल्या. पहिली, अलीकडे लागलेला माल हाताशी एका छोट्या फडताळात ठेवायचा. हीच कॅश. (या कॅशचा आणि रोकडीचा काही संबंध नाही, हे मला दर वर्षी पहिल्या तासाला सांगावे लागे.) दुसरी युक्ती अशी की, वाट पाहत बसायचे नाही, पुढे काय लागणार याची अटकळ बांधून काम सुरू करायचे. कामे क्रम सोडून, जे हाती लागेल ते आधी, अशी करण्याची रीत आय.बी.एम.च्या ३६०/९१ या यंत्रासाठी रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली मांडली. पुढे १९९५ साली इंटेलच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरबरोबर क्रम सोडणे आणि अटकळ बांधणे या दोन्ही गोष्टी साध्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात आल्या. ही अटकळ शंभरात नव्वदाहून अधिक वेळा बरोबर निघते. आमच्या पंचांगकर्त्यांना हेवा वाटावा असे हे प्रमाण! सट्टा म्हटला तरी चालेल, पण असा सट्टा खेळणाऱ्याला कोण नावे ठेवील?

मग भगदाड कुठले? हे मी त्या दिवशी प्रथम हिला सांगितले. ही महसूल खात्यात ३१ वर्षे होती, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली, आणि त्यातली सात वर्षे तिने मामलेदार कचेरीची रेकॉर्ड रूम सांभाळलेली. तेव्हा कचेरीचाच दाखला घेतला.

"समज, तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये एक मोहोरबंद फाईल आहे. तिच्या पहिल्या पानावर एक आकडा आहे. शून्य ते दोनशे पंचावन्न यांपैकी कोणतातरी. तो मला हवा आहे, आणि फाईल पाहण्याचा मला अधिकार नाही. मी अर्ज करतो: ती फाईल काढा, तिच्यातला आकडा पाहा, आणि त्या नंबरचे दप्तर मला आणून द्या. दप्तरे साधी, कोणीही पाहावीत अशी. आता तुमचा शिपाई भारी उत्साही. साहेब आत परवानगीचे कागद तपासताहेत तोवर हा वेळ वाया का घालवा म्हणून तो फाईल उघडतो. आकडा असतो ३७. तो जाऊन लाल रुमालातले ३७ नंबरचे दप्तर काढून टेबलावर आणून ठेवतो. इतक्यात साहेब बाहेर येतात आणि म्हणतात, परवानगी नाही! शिपाई जीभ चावतो. फाईल कपाटात जाते, मोहोर पुन्हा लागते, मला कोणी काही सांगत नाही, अर्जावर 'नामंजूर' असा शेरा..."

"थांबा," ही म्हणाली. "दप्तर टेबलावरच राहिले की!"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मला जे समजायला एकोणीस वर्षे लागली ते हिला एका मिनिटात समजले होते.

"मग तुम्ही काय करणार," ही पुढे म्हणाली, "एक-एक दप्तर मागत सुटणार. बाकीच्यांना दहा-दहा मिनिटे लागतील आणि सदतीस नंबर लगेच हातात पडेल. म्हणजे आकडा सदतीस."

मेल्टडाउन म्हणजे शब्दशः एवढेच. मोहोरबंद फाईल म्हणजे कर्नलची स्मृती. संगणकाचा सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्राम, त्याची ती खाजगी जागा. तिथे साऱ्यांचे पासवर्ड, किल्ल्या, टंकलेली अक्षरे येऊन-जाऊन असतात. टेबल म्हणजे कॅश. दोनशे छप्पन्न दप्तरे, कारण एका बाइटचे तितकेच आकडे होतात. आधी टेबल रिकामे करून घ्यायचे, मग अर्ज टाकायचा, मग घड्याळ लावून बसायचे. अर्ज प्रत्येक वेळी नामंजूर होतो आणि प्रत्येक वेळी एक बाइट हाती लागतो! संशोधकांनी या रीतीने सेकंदाला पाचशे किलोबाइटच्या घरात वाचन करून दाखवले. आणि नेहमीच्या नोंदवह्यांत याचा मागमूस राहत नाही; नामंजूर अर्जाची कसली नोंद?

हिचा पुढचा प्रश्न साहजिकच होता: "पण साहेबांनी आधी तपासावे आणि मग शिपायाने कपाटाला हात लावावा. आमच्याकडे तर असेच असे."

ही अगदी मुद्द्याचीच गोष्ट होती. एएमडी या कंपनीच्या कचेरीतही असेच असे, म्हणून त्यांचे प्रोसेसर मेल्टडाउनमधून सुटले. इंटेलचे १९९५ पासूनचे बहुतेक सारे सापडले. पण पिशाच्चाने मात्र कोणालाच सोडले नाही: इंटेल नाही, एएमडी नाही, मोबाइल फोनांत बसणारे एआरएमच्या धाटणीचे प्रोसेसरही नाहीत. स्पेक्टरची तऱ्हा निराळी. तिथे साहेबांना चकवायचे नसते, शिपायाची सवय बिघडवायची असते. नऊ अर्ज अगदी सरळ करायचे. शिपाई मनाशी म्हणतो, या अर्जदाराचे नेहमी मंजूरच होते. दहावा अर्ज वाकडा टाकायचा; तो सवयीने आधीच कपाटाकडे चालू लागलेला असतो. शिवाय हे दुसऱ्याच्या कचेरीत, त्याच्याच शिपायाकरवी घडवून आणता येते. अटकळ बांधणे हाच जिथे धर्म आहे तिथे ही खोड मुळापासून कशी काढणार? हे भूत दीर्घकाळ मानगुटीवर बसणार म्हणूनच संशोधकांनी त्याला असे नाव दिले. त्याच्या चित्रात एक भूत हातात झाडाची फांदी घेऊन उभे आहे. प्रोग्रामला जिथे फाटे फुटतात तिथेच ही अटकळ बांधली जाते, म्हणून ती फांदी.

ही भगदाडे सापडली कशी, ही कथा रहस्यकथेच्या तोडीची आहे. गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या पथकात यान हॉर्न नावाचा एक जर्मन तरुण होता, वय वर्षे बावीस. इंटेलची हजारो पानांची मार्गदर्शिका वाचता वाचता त्याला हे दिसले आणि १ जून २०१७ रोजी त्याने ते प्रोसेसरच्या कंपन्यांना गुपचूप कळवले. अमेरिकेत पॉल कोकर यांना स्पेक्टर स्वतंत्रपणे सापडले. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे पदवीधर! पण कुलपाची किल्ली फिरायला किती वेळ लागतो यावरून किल्लीचे दात ओळखता येतात, हे त्यांनी सांकेतिक लेखनाच्या बाबतीत १९९६ सालीच दाखवून दिले होते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या सायबेरस या छोट्या कंपनीतल्या दोघांनाही मेल्टडाउनचा पत्ता लागला.

मला सर्वांत भावली ती आणखी एका संशोधकाची हकिकत. अँडर्स फॉघ यांनी जुलै २०१७ मध्ये नेमका हाच प्रयोग करून पाहिला होता. तो फसला. दुसरा एखादा गप्प बसला असता. यांनी 'नकारात्मक निष्कर्ष' असे स्पष्ट नाव देऊन तो फसलेला प्रयोग जगापुढे मांडला. आमच्या विद्यापीठात असे कोणी केले असते तर त्याची बढती अडली असती! पण फसलेल्या प्रयोगातूनही 'दार या भिंतीत आहे' एवढे इतरांना कळते.

ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरातल्या तंत्रविद्यापीठात डॅनियल ग्रुस, मोरित्स लिप आणि मिखाएल श्वार्त्स हे तिघे अशाच विषयावर काम करीत होते. त्यांनी २०१७ च्या उन्हाळ्यातच 'कैझर' नावाची एक तटबंदी सुचवली होती, पण ती दुसऱ्याच, बारीकशा दुखण्यावर. कर्नलची खाजगी जागा सोयीसाठी प्रत्येक प्रोग्रामच्या नकाशात दाखवलेली असे, फक्त प्रवेशबंदीची पाटी लावून. कैझरचे म्हणणे असे की पाटी नको, नकाशातूनच ती जागा काढून टाका. मेल्टडाउन खरोखर शक्य आहे यावर त्यांचा आधी विश्वास नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी, आपापल्या घरी बसून, त्यांनी ते करून पाहिले. ग्रुस यांच्या पडद्यावर त्यांच्याच ब्राउझरमधले खाजगी पत्ते धडाधडा उमटू लागले. तिघे एकमेकांना निरोपावर निरोप धाडीत राहिले. आपण पाहतो आहोत ते खरे आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आणि मौज ही की बारीक दुखण्यावरचे ते औषध या मोठ्या रोगावर अचूक लागू पडत होते.

सारे ९ जानेवारी २०१८ रोजी एकदम जाहीर करायचे ठरले होते. पण गुपित फुटले. लिनक्सच्या उघड्या चावडीवर कर्नलचे नकाशे वेगळे करण्याची घाई का चालली आहे, हे लोकांना कोडे पडले होते. २६ डिसेंबरला एएमडीच्या एका इंजिनिअरने तिथे लिहिले की आमच्या प्रोसेसरना याची गरज नाही, कारण आमच्याकडे अटकळीतसुद्धा विनापरवाना वाचन होत नाही. बिचाऱ्याचा हेतू साधा होता. पण जाणत्यांना एवढा सुगावा पुरे झाला. २ जानेवारीला लंडनच्या 'द रजिस्टर'ने बातमी फोडली आणि ३ तारखेला सर्वांना बाहेर यावे लागले.

पुढचे दोन-तीन आठवडे जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सुरक्षा-केंद्राने आपल्या पहिल्या सूचनेत 'उपाय' या सदराखाली लिहिले: प्रोसेसर बदला. बदला म्हणजे कशाने? दुकानात तरी दुसरा कुठे होता? लवकरच ते वाक्य काढून नव्या दुरुस्त्या बसवण्याचा सल्ला छापला गेला. दुरुस्त्या आल्या. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती काही जुन्या एएमडी यंत्रांवर बसेना, यंत्रे चालूच होईनात, म्हणून ती तेवढ्यांपुरती थांबवावी लागली. इंटेलने दिलेल्या दुरुस्तीने काही यंत्रे आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली, तेव्हा २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितले, तूर्त ती बसवू नका!

या सगळ्यात दोष कोणाचा, हा प्रश्न मला फार दिवस छळीत राहिला. १९९४ साली पेंटियम प्रोसेसर भागाकार चुकतो असे व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्रोफेसर थॉमस नाइसली यांच्या ध्यानात आले होते, आणि इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भुर्दंड बसला. तिथे प्रश्नच नव्हता. भागाकार चुकला म्हणजे चुकला. पण २०१८ साली भागाकार चुकला नव्हता, बेरीज चुकली नव्हती. इंटेलचे म्हणणे, आमचे प्रोसेसर ठरल्याप्रमाणेच चालत आहेत.

आणि ठरले काय होते? प्रोसेसर आणि प्रोग्राम यांच्यात एक लेखी करार असतो. त्या जाडजूड ग्रंथात कोणत्या हुकमाने कोणते उत्तर यावे हे सारे लिहिलेले असते. किती वेळात यावे, हे मात्र लिहिलेले नसते. मुद्दामच लिहीत नाहीत. म्हणजे कंपनीने पुढच्या वर्षी वेगवान प्रोसेसर काढला तरी जुने प्रोग्राम निर्वेध चालतात. या धंद्याची सगळी भरभराट त्या मौनावर उभी आहे. मीही तेच शिकवीत आलो: उत्तर ते कराराच्या आतले, वेळ ती बाहेरची. जी गोष्ट करारात नाही तिची राखण कोण करणार? मेल्टडाउनबाबत मी इंटेलला इतक्या सहज सोडणार नाही, कारण शेजारचा दुकानदार आधी तपासून मग देत होता. पण स्पेक्टरबाबत सगळा बाजारच एका माळेचा मणी होता आणि त्या माळेत आम्ही मास्तरही होतो.

कोणाला सुचलेच नव्हते असेही नाही. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ सालीच लिहून ठेवले होते की कोंडून घातलेला प्रोग्राम बोलू शकला नाही तरी यंत्राला जलद-मंद करून बाहेरच्याला खुणा करू शकतो. आणि १९९५ साली, म्हणजे पेंटियम प्रो बाजारात आला त्याच वर्षी, इंटेलच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या खाचखळग्यांवर एक निबंध परिषदेत वाचला गेला होता. त्यात कॅशमधून माहिती झिरपू शकते असा इशारा होता. दोन्ही निबंध आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हते. पण ४१ नंबरचा मुलगा तर माझ्या वर्गातच बसला होता!

आता कोणी म्हणेल, माझ्या यंत्रात परका प्रोग्राम शिरेलच कसा? अहो, तो रोज शिरतो! आपण ब्राउझरमध्ये एखादे पान उघडतो तेव्हा त्या पानाबरोबर आलेला प्रोग्राम आपल्याच प्रोसेसरवर चालतो. स्पेक्टर अशा पानातूनही साधता येते असे दिसल्यावर ब्राउझरवाल्यांनी एक विलक्षण उपाय केला. त्यांनी पानांच्या हातातले घड्याळच बिघडवले! फायरफॉक्सने त्याची बारकाई वीस मायक्रोसेकंदांवर आणली. दप्तर लवकर आले की उशिरा, हेच मोजता येऊ नये. मग क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला वेगळे बिऱ्हाड दिले. मोठमोठ्या कंपन्यांची संगणकगृहे तर जुन्या वाड्यासारखीच: एका यंत्रात दहा भाडेकरू, मध्ये पातळ कूड. तिथे सर्वांत आधी धावाधाव झाली ती उगाच नाही.

त्याच वर्षी जुलैत ग्रात्सच्या मंडळींनी आणखी पुढचे दाखवले: परका प्रोग्राम आत न शिरताही, नुसत्या तारेवरून प्रश्न पाठवून आणि उत्तराला लागलेला वेळ मोजून स्मृती वाचता येते. फक्त वेग तासाला पंधरा बिट. आपले 'अ' हे एक अक्षर साठवायला चोवीस बिट लागतात. म्हणजे त्या चोराला 'अ' वाचायलाच दीड तासाहून अधिक वेळ लागेल. हे ऐकून ही म्हणाली, "आमच्या कचेरीतून नक्कल यापेक्षा लवकर मिळे." फोरशॅडो, झोम्बीलोड, २०२३ सालचे डाउनफॉल अशी पिशाच्चाची भावंडे पुढेही निघत राहिली. त्यांची वंशावळ देत बसत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी ४१ चा शोध घेतला. त्या वर्गाच्या मुलांचा व्हॉट्सॲपवर गट होता, तिथून नंबर मिळाला. तो एका साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळतो असे कळले. फोन लावला. मशिनरीचा घरघराट ऐकू येत होता. मी माझे नाव सांगितले, तो "सर! बोला सर!" म्हणाला, आणि मी सगळी हकिकत सांगून मोकळा झालो. त्याचा प्रश्न, माझे उत्तर, ग्रात्स, ड्रेस्डेन, सगळे.

पलीकडे क्षणभर शांतता.

"सर, असा प्रश्न मी विचारला होता?" तो म्हणाला. "मला तर आठवत नाही. तास संपेपर्यंत काहीतरी विचारायचे म्हणून विचारला असेल. पण मार्क कापलात ते आठवते. चार मिळाले होते."

मी खजील होऊन म्हटले, "तो मार्क द्यायला हवा होता."

"आता देऊन काय उपयोग, सर? त्यापेक्षा एक सांगा. माझ्याकडे इथे बावीस मशीन आहेत. गळीत हंगाम जोरात आहे, दर पंधरवड्याला उसाची बिले निघतात. ही दुरुस्ती बसवू की नको? एखादे मशीन बसले तर शेतकरी मला गव्हाणीत टाकतील. आणि नाही बसवली, उद्या काही झाले, तर चेअरमन विचारतील, वर्तमानपत्र वाचत नव्हता का?"

वीस वर्षांपूर्वीचा मी असतो तर तडक उत्तर दिले असते. जिभेवर आलेही होते. मी म्हटले, "मला नक्की माहीत नाही. थोडा वेळ दे." दोन दिवस वाचून पुन्हा फोन केला: सगळ्यांची नक्कल काढून ठेव, बिलांशी संबंध नसलेल्या एकाच मशीनवर रविवारी बसवून पाहा, बाकीची थांबव, आणि तोवर हिशेबाच्या मशीनवरून कोणालाही इंटरनेटवर भटकू देऊ नकोस. त्याने तसे केले. २२ तारखेची इंटेलची सूचना आली तेव्हा त्याची एकवीस मशीन शाबूत होती, आणि बावीसाव्याने सुदैवाने कुरकुर केली नव्हती. एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, सुधारलेल्या दुरुस्त्या आल्या होत्या त्या त्याने सगळीकडे बसवल्या. बिलांचा जो हिशेब साडेतीन तासांत व्हायचा त्याला आता पावणेचार लागतात, असे त्याने कळवले. कर्नलचा नकाशा दर वेळी बदलण्याचा तो खर्च. अटकळीचे जे चार पैसे आम्ही मिळवले होते त्यातले थोडे परत करावे लागले.

त्या फोनच्या शेवटी तो म्हणाला,

"सर, एक शंका आहे. अटकळ चुकली तर चुकली. पण ती खरी ठरेपर्यंत आणलेला माल कॅशमध्ये ठेवायचाच कशाला? बाजूला कुठेतरी लपवून ठेवायचा, आणि साहेबांची सही झाली की मग टेबलावर आणायचा. असे नाही का करता येणार?"

त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 'इन्व्हिझिस्पेक' नावाची नेमकी अशीच एक रचना मांडली, हे मला पुष्कळ पुढे वाचायला मिळाले. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते.

"थांब," मी म्हटले, "कागद घेतो. लिहून ठेवतो."

"सावकाश घ्या सर," तो म्हणाला, "हंगाम संपला आहे."